नेदर पोर्टल चुकीच्या ठिकाणी का उघडतं?

माइनक्राफ्टमध्ये घराशेजारी एक नेदर पोर्टल आहे, म्हणजे नेदर नावाच्या दुसऱ्या जगात नेणारी चौकट. खाणीपाशी तुम्ही दुसरं उभारलंत. खाणीतून नेदरमध्ये शिरलात आणि परतताना निघालात थेट घरी. बरेच जण याला बग म्हणतात. बग नाही, साधा भागाकार आहे.

नेदरमधला १ ब्लॉक म्हणजे ओव्हरवर्ल्डमधले, अर्थात नेहमीच्या जगातले ८. एक्स आणि झेड, म्हणजे जमिनीवरची जागा सांगणारे दोन आकडे, ८ ने भागायचे. वाय, म्हणजे उंची, तशीच राहते. समजा, घरचं पोर्टल एक्स २००, झेड उणे ३४४ वर आहे. नेदरमध्ये ते आलं २५, उणे ४३. खाणीचं २९६, उणे ३४४ वर. ते आलं ३७, उणे ४३. जावा आवृत्तीत (संगणकावरची) गेम नेदरमध्ये त्या जागेच्या चहूबाजूंना १६ ब्लॉकपर्यंत तयार पोर्टल शोधतो. इथे अंतर फक्त १२. घरचं पोर्टल सापडलं, मग गेम नवं बांधतच नाही.

म्हणून ते आपणच बांधायचं, बरोबर ३७, उणे ४३ वर. एफ३ दाबा आणि ‘ब्लॉक’ची ओळ वाचा. नेदरमध्ये होकायंत्र नुसतं गरगरतं, त्यामुळे भरवसा या आकड्यांवरच. उणे संख्येत पूर्णांक खालचा घ्यायचा: उणे १०० भागिले ८ म्हणजे उणे १३, उणे १२ नव्हे.

सामान थोडंच लागतं. चौकटीचे चारही कोपरे सोडले तर १० ऑब्सिडियन (काळा, कठीण दगड) पुरतात, १४ ची गरज नाही. मात्र ते हिऱ्याच्या किंवा नेदराइटच्या कुदळीनेच फोडा, नाहीतर हातात काहीच येत नाही. साच्यात लाव्हा ओतून वर पाणी सोडून जागेवरच ऑब्सिडियन बनवण्याची युक्ती ओव्हरवर्ल्डमध्येच चालते, कारण नेदरमध्ये बादलीतलं पाणी क्षणात वाफ होतं. शिवाय लाव्हा बादलीतून ओतलेला, म्हणजे सोर्स ब्लॉकच हवा. वाहत्या लाव्ह्याला पाणी लागलं की कॉबलस्टोन बनतो.

घराच्या बरोबर खाली खाण असेल तर खरी गंमत. दोन्हींचे एक्स-झेड एकच, त्यामुळे निवड उंचीवरून होते. पोर्टलं वाय ४० आणि १०० वर असतील तर नेदरमध्येही त्याच उंचींवर बांधा, जोड्या जुळतात. पण खाण उणे ५० वर आणि घर ७० वर असेल, तर नेदरमधलं खालचं पोर्टल वाय १० च्याही खाली न्यावं लागेल, आणि लाव्ह्याचा समुद्र तर साधारण ३१ पर्यंत असतो. त्या फंदात पडू नका. खाणीचं पोर्टल सरळ बाजूला सरकवा.

याआधी गेमने आपणहून काढलेलं एखादं आगंतुक पोर्टल जवळपास असेल, तर त्याच्या चौकटीतला एक ऑब्सिडियन फोडून ते विझवा. नाहीतर तेच जवळचं ठरू शकतं.

नेदरमधल्या पोर्टलभोवती कॉबलस्टोनची खोली बांधा. घास्ट या उडत्या राक्षसाचा आगगोळा नेदररॅक (तिथला मऊ दगड) उडवतो, पोर्टलही विझवतो, पण कॉबलस्टोन फोडत नाही. पोर्टल पुन्हा पेटवायला फ्लिंट अँड स्टील (चकमक) दोन न्या. एक तिथल्याच पेटीत ठेवा.