जागा कोण ठरवते? सामाजिक जाळ्याच्या चित्रासाठी मोफत सॉफ्टवेअर निवडताना

[दृश्य: कागदावर हाताने काढलेले त्रिकोण, वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा]

माणसांमधील संबंध चित्रातून दाखवण्याची पद्धत संगणकाच्या बरीच आधीची आहे. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञांनी १९३०च्या दशकात शाळेतील वर्गांचे असे आलेख काढले. मुलग्यासाठी त्रिकोण, मुलीसाठी वर्तुळ आणि कोणाला कोणाच्या शेजारी बसायला आवडेल हे सांगणारी रेषा, एवढ्याच सामग्रीवर ते उभे होते. एप्रिल १९३३मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्या या कामाची दखल घेतली. कोणते मूल कागदाच्या मध्यभागी ठेवायचे आणि कोणते कडेला, हे मोरेनो स्वतः ठरवत असत. आज तो निर्णय अल्गोरिदम घेतो. म्हणूनच सामाजिक जाळ्यांसाठी सॉफ्टवेअर निवडताना, चित्र किती देखणे येते हे पाहण्याआधी, चित्रातील जागा कशा ठरल्या हे ते आपल्याला पाहू देते का आणि बदलू देते का, हे तपासायला हवे.

[दृश्य: गेफीची खिडकी, पडद्यावर विखुरलेले ३४ ठिपके]

उदाहरणासाठी या क्षेत्रातील प्रत्येकाच्या परिचयाचे एक लहान जाळे घेऊ. वेन झॅकरी या मानववंशशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठातील कराटे क्लबचा केलेला अभ्यास १९७७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३४ सदस्य आहेत आणि क्लबच्या बाहेरही एकमेकांशी संबंध ठेवणाऱ्यांच्या ७८ जोड्या आहेत. शिकवणीच्या शुल्कावरून प्रशिक्षक आणि क्लबचे पदाधिकारी यांच्यात वाद पेटला आणि अखेर क्लब दुभंगला. या डेटामध्ये प्रशिक्षकाचा क्रमांक १ आहे आणि पदाधिकाऱ्याचा ३४.

फ्रान्समधील कॉम्पिएन्यच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कामातून आकाराला आलेल्या गेफी या मुक्तस्रोत (ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरमध्ये ही फाइल उघडली, की सुरुवातीला केवळ ठिपक्यांचा पसारा दिसतो, कारण त्यांना दिलेल्या जागा निव्वळ यादृच्छिक असतात. मांडणीच्या यादीतून ‘फोर्सअ‍ॅटलास२’ निवडून ती चालू केली, की सगळे नोड, म्हणजे माणसे दाखवणारे ठिपके, एकमेकांना दूर लोटू लागतात आणि ज्यांच्यात दुवा, म्हणजे जोडणारी रेषा, आहे ते एकमेकांना ओढून धरतात. काही क्षणांत पसारा निवळतो. १७ दुवे असलेला ३४ क्रमांक एका टोकाला जातो आणि १६ दुवे असलेला १ क्रमांक दुसऱ्या टोकाला, कारण त्या दोघांमध्ये थेट दुवाच नाही. क्रमांक १२ कडेला लटकलेला दिसतो. त्याचा एकुलता एक दुवा प्रशिक्षकाशी आहे.

आता ठिपके पुन्हा विस्कटून तीच मांडणी चालवली, तर तेच दोन गट दिसतात. मात्र मघाशी डावीकडे असलेला गट या खेपेस वर किंवा उजवीकडे आलेला असू शकतो. अशा चित्रात कोण कोणाच्या जवळ आहे याला काही अर्थ असतो, पण वर-खाली आणि डावे-उजवे यांना कोणताही अर्थ नसतो. तरीही सर्वांत वर असलेल्या ठिपक्याला नेता समजण्याचा मोह पाहणाऱ्यांना हमखास होतो, आणि सादरीकरण करणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो दूर करण्याची तसदी घेतात.

याच मांडणीत गुरुत्वाची एक सेटिंग आहे. कोणाशीही न जोडलेले नोड पडद्याबाहेर वाहून जाऊ नयेत म्हणून ती सर्वांना केंद्राकडे खेचते. तिचे मूल्य वाढवले, की एकटी माणसे गर्दीच्या जवळ सरकतात, वास्तविक डेटामध्ये काडीचाही बदल झालेला नसतो. रंगांचेही तसेच आहे. २००८मध्ये मांडल्या गेलेल्या लूव्हां पद्धतीने गेफी समुदाय (आपसांत दाट दुवे असलेले, एकेका रंगाने दाखवलेले गट) शोधते, आणि कराटे क्लबमध्ये तिला बहुधा चार समुदाय सापडतात. प्रत्यक्षात क्लबचे दोनच तुकडे झाले होते. या पद्धतीतील ‘रिझोल्यूशन’ या सेटिंगचा आकडा १पेक्षा वाढवला, की गट मोठे आणि संख्येने कमी होत जातात. यातील कोणताही आकडा चुकीचा म्हणता येत नाही. पण सॉफ्टवेअरने दिलेले रंग हे समाजाचे आपोआप झालेले विभाजन आहे, असे निवेदन मात्र चुकीचे ठरते. गेफीचा मोठा गुण म्हणजे हे सारे आकडे समोर मांडलेले असतात आणि बदलाचा परिणाम तिथल्या तिथे दिसतो. नवख्या माणसाने सुरुवात येथूनच करावी, असे आमचे मत आहे.

[दृश्य: सायटोस्केप, सॉकनेटव्ही आणि पायेक यांच्या खिडक्या एकामागून एक]

सायटोस्केपचा जन्म जीवशास्त्रात झाला. जनुके आणि प्रथिने यांच्यातील परस्परक्रिया दाखवण्यासाठी ते तयार झाले, आणि त्याचे मूळ मेनूतील शब्दांतून आजही जाणवते. पण ज्याच्याजवळ प्रत्येक माणसाबद्दल वय, विभाग, भूमिका अशी बरीच माहिती आहे, त्याने ते अवश्य पाहावे, कारण तक्त्यातील कोणता रकाना रंगात उतरवायचा, कोणता आकारात आणि कोणता रेषेच्या जाडीत, हे ठरवण्याची त्याची सोय फार नेटकी आहे.

सॉकनेटव्ही आटोपशीर आहे, जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे, आणि त्यात एक विशेष उपयुक्त गोष्ट आहे. केंद्रीयतेचा, म्हणजे जाळ्यातील माणसाच्या महत्त्वाचा, एखादा निर्देशांक निवडला, की ते नोडना एककेंद्री वर्तुळांवर बसवते, आणि मग मध्यापासूनचे अंतर खरोखर काहीतरी सांगते. शिकवण्यासाठी हे चित्र अधिक प्रामाणिक आहे.

स्लोव्हेनियातील ल्युब्लियाना विद्यापीठाचे व्लादिमीर बातागेल्य आणि आंद्रेय मर्वार यांनी १९९६पासून विकसित केलेले पायेक प्रचंड मोठ्या जाळ्यांसाठी ओळखले जाते. ते अव्यावसायिक वापरासाठी मोफत आहे, पण त्याचा स्रोत खुला नाही. नोडएक्सएल एक्सेलच्या आतच चालते. त्याची मूळ आवृत्ती मोफत मिळते, पण पुढच्या सोयींसाठी पैसे मोजावे लागतात आणि मुळात एक्सेल हाताशी असावे लागते. एखाद्या संस्थेसाठी निवड करताना किंमत शून्य आहे एवढ्यावर थांबू नये. परवान्यात व्यावसायिक वापर बसतो का आणि उद्या मूळ निर्मात्यांनी काम थांबवले तर इतर कोणाला स्रोत हाती घेऊन ते पुढे नेता येईल का, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. गेफीची ०.९ आवृत्ती २०१५च्या अखेरीस आली आणि ०.१० यायला २०२३ उजाडले. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पांचा वेग असाच असतो.

[दृश्य: पायथनमधील काही ओळी आणि शेजारी तयार होणारे चित्र]

ज्यांना थोडेफार प्रोग्रॅमिंग येते, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील नेटवर्कएक्स लोकप्रिय आहे. मात्र आपला मुख्य हेतू विश्लेषणाचा असून चित्र काढणे हा नाही, असे त्याच्या माहितीपुस्तिकेतच स्पष्ट लिहिलेले आहे. सी भाषेत लिहिलेले आणि आर व पायथन या दोन्ही भाषांतून वापरता येणारे आयग्राफ मोठ्या जाळ्यांवर बरेच वेगवान चालते. क्रमवारी किंवा उतरंड असलेले जाळे, म्हणजे कोण कोणाच्या हाताखाली काम करते अशा स्वरूपाची माहिती असेल, तर ग्राफविझची ‘डॉट’ मांडणी ती वरपासून खालपर्यंत थरांमध्ये लावते. कोडचा खरा फायदा पुनरावृत्तीत आहे. नेटवर्कएक्सच्या स्प्रिंग मांडणीला बीजांक, म्हणजे यादृच्छिक निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा, दिला, की यादृच्छिक सुरुवात प्रत्येक वेळी सारखीच होते आणि सहा महिन्यांनी किंवा दुसऱ्या कोणाच्या संगणकावरही तेच चित्र काढून दाखवण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

नोडच्या नावांबद्दल एक छोटी सूचना. जोडाक्षरे असलेल्या लिपीत नावे असतील, तर निवड पक्की करण्यापूर्वी चार-पाच अवघड नावे घालून चित्र पीडीएफ आणि एसव्हीजी या दोन्ही स्वरूपांत काढून पाहावे. पडद्यावर नीट दिसणारी अक्षरे निर्यात केल्यावर तुटलेली आढळतात. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची) फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवलेली नसेल, तर बिघाड त्याही आधी, फाइल उघडतानाच होतो.

[दृश्य: हजारो रेषांचा काळाकुट्ट गुंता]

काही हजार नोडच्या पुढे गेले, की कोणतेही सॉफ्टवेअर असाच गुंता पडद्यावर आणते. मोठा संगणक घेतला म्हणून तो सुटत नाही. त्याऐवजी दुव्यांची किमान संख्या ठरवून नोड गाळावेत, एका समुदायाला एक नोड मानून जाळे आकुंचित करावे, किंवा रेषांचे चित्रच सोडून मॅट्रिक्स वापरावे. मॅट्रिक्समध्ये माणसे ओळींत आणि तीच माणसे स्तंभांत असतात, आणि दुवा असेल तो चौकोन भरलेला असतो. दाट जाळ्यात ती अनेक बाबतीत रेषांपेक्षा वाचायला सोपी पडते. एका माणसापासून दुसऱ्यापर्यंतचा मार्ग शोधण्यासाठी मात्र रेषाच बऱ्या.

मुळात डेटा कोठून येणार, याचाही विचार निवडीच्या आधी करावा लागतो. समाजमाध्यमांवरून संबंध थेट ओढून आणण्याची सोय पाहून पूर्वी अनेक जण सॉफ्टवेअर निवडत. फेसबुकने मित्रयादीचा तसा मार्ग २०१५मध्ये आवळला आणि ट्विटरने २०२३मध्ये एपीआयचा (इतर प्रोग्रॅमना डेटा मागवता येईल अशा मार्गाचा) मोफत वापर संपवला. त्यानंतर त्या सोयीभोवती उभे केलेले कितीतरी काम अडले. सर्वांत टिकाऊ साठवण आजही साधीच आहे: कोणाकडून, कोणाकडे, असे दोन रकाने असलेली सीएसव्ही फाइल आणि माणसांची माहिती असलेली दुसरी. ती गेफीत आणताना दुवे एकदिश आहेत की परस्पर, हे स्वतः निवडावे, कारण ‘अ’ने ‘ब’ला निवडले आणि दोघे परस्परांचे मित्र आहेत, या दोन गोष्टींचे आकडे वेगळे येतात. केलेले काम ग्राफएमएल या फाइल-स्वरूपात साठवले, तर ते गेफी, सायटोस्केप, आयग्राफ आणि नेटवर्कएक्स या चारांतही उघडता येते.

[दृश्य: नावांच्या जागी क्रमांक असलेले जाळे]

जाळ्यातील माणसांची परवानगी प्रत्येक वेळी घेतलेली नसते, त्यामुळे त्यांची माहिती परक्या सर्व्हरवर चढवणारी मोफत संकेतस्थळे टाळावीत. संगणकावर स्थापित होणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, आणि ब्राउझरमध्ये चालणारे गेफी लाइटही डेटा ब्राउझरमध्येच ठेवते. नावांच्या जागी क्रमांक घालणे ही पुढची पायरी आहे, पण लहान गटात ती पुरत नाही, कारण ज्याचा एकच दुवा आहे आणि तोही प्रमुखाशी, असा माणूस कोण हे गटातील प्रत्येकाला चित्र पाहताक्षणीच कळते. असे चित्र गटाबाहेर द्यायचे असेल, तर कडेचे नोड गाळावेत, किंवा माणसे न दाखवता गटागटांमधील दुव्यांची एकत्रित संख्या तेवढी द्यावी.