वांग्याच्या आकाराची मूस

मित्रहो, सुरुवातीला एक विचारतो. कल्हई होताना समोर बसून पाहिलेली माणसं इथं किती आहेत? हात वर करा. बरेच आहेत, पण सगळे पिकल्या केसांचे. मग बाकीच्यांसाठी सांगतो.

आमच्या वाड्यात वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात लहानसा खड्डा, त्यात कोळसे, बाजूला चामड्याचा भाता. घासून लख्ख केलेलं पितळेचं पातेलं तो सांडशीत धरून निखाऱ्यावर फिरवायचा. ते पुरेसं तापलं की चिमूटभर पांढरी भुकटी आत टाकायचा. भस्सकन पांढरा धूर, आणि नाकात झोंबणारा वास. आम्ही पोरं त्या वासासाठीच तर बसायचो. मग कथलाची कांडी टेकवायची, कापसाच्या बोळ्यानं गरकन हात फिरवायचा, की पिवळं पातेलं आतून चांदीचं! शेवटी पाण्यात चर्रर्र. आजी म्हणायची, काय किमया आहे बघ.

आजीनं तो शब्द सहज वापरला होता, पण नेमका वापरला होता. ती पांढरी भुकटी म्हणजे नवसागर, अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो, तो तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो, आणि मगच कथील धरतं. या नवसागराचा बोलबाला केला तो किमयागारांनी. अरबी किमयेत जाबिर इब्न हय्यान या नावावर जमा असलेल्या ग्रंथांत तो सतत भेटतो. इराणातल्या रेय शहरातला वैद्य अल्-राझी, म्हणजे इ.स. ९००च्या आसपासचा माणूस, त्यानं पदार्थांची वर्गवारी केली तेव्हा पारा, गंधक, हरताळ आणि नवसागर एका गटात घातले. गटाचं नाव ‘आत्मे’. का? तर विस्तवावर ठेवले की उडून जातात. धातू मागं उरतात, म्हणून ती ‘शरीरं’. नाव काव्यात्म आहे, पण कसोटी बघा कशी आहे: विस्तवावर ठेवा आणि काय होतं ते पाहा. आपल्याकडचा ‘रसरत्नसमुच्चय’ हा ग्रंथ नवसागराची ओळख वीटभट्टीत तयार होणारं, पांढुरकं, वजनाला हलकं मीठ अशी करून देतो. हे लिहिणारा माणूस भट्टीपाशी जाऊन आलेला असणार.

किमया हा शब्द अरबी ‘अल्-कीमिया’वरून आपल्याकडे आला. त्याच्या मागं ग्रीक शब्द आहे, आणि युरोपातला ‘केमिस्ट्री’ हा त्याच कुळातला. आपल्या बोलण्यात ही भट्टी अजून धुमसते आहे. माणूस अनुभवाच्या मुशीतून निघतो; मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. सोनं बावनकशी असतं, नसलं तर हिणकस. रंगाचं पुट चढवतो, अर्क काढतो. ‘हरताळ फासणे’ म्हणताना आपल्याला संप आठवतो, पण तो हरताळ वेगळा. हा म्हणजे आर्सेनिकचं पिवळं खनिज. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप फासून ते पुसायचे.

आता सोन्याकडे येऊ, कारण त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. हलक्या धातूचं सोनं करायचं, हे वेड होतं का? आज आपल्याला ठाऊक आहे की शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात, सोन्याच्या ७९, आणि कोळशाच्या आचेला ते बदलत नाहीत. पण त्या माणसाच्या जागी बसून पाहा. तो दगड भाजतो, त्यातून तांबं वाहतं. शिसं तापवून तापवून उडवतो, तर तळाशी चांदीचा मणी उरतो. ती चांदी खनिजात आधीपासूनच होती, हे त्याला कुठून कळणार? त्याला वाटलं, शिसं पिकलं आणि त्याची चांदी झाली. दुधाचं दही होतं, कैरीचा आंबा होतो, मग धातू का पिकू नये? समोर दिसतं त्यावरून काढलेला हा तर्क होता. चुकीचा होता, पण मूर्खपणाचा नव्हता.

आणि यातला सर्वांत दगाबाज दगड होता तो म्हणजे रसक किंवा खर्पर, जस्ताचं खनिज. तांब्याबरोबर तो कोळशात भाजला की तांबं पिवळंधमक होतं. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या ‘रसरत्नाकरा’त म्हटलंय की रसकानं तांब्याचं तीन पुटांत, म्हणजे तीनदा भाजून, सोनं होतं, यात नवल ते काय! आपण हसतो, कारण आपल्याला माहीत आहे की ते पितळ. पण मला इथं हसण्यापेक्षा पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. तांब्याला रंग देणारं त्या दगडात नेमकं काय होतं, ते त्यांना वेगळं काढता आलं का?

आलं. आणि आजचं व्याख्यान खरं म्हणजे एवढ्यासाठीच आहे.

जस्त काढणं महाकठीण. लोखंड, तांबं, शिसं भट्टीच्या तळाशी साचतं. जस्ताचं तसं नाही. जस्ताच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन कोळशानं ओढून घ्यायचा तर आच हजार अंशांच्या वर लागते. आणि जस्त उकळतं ९०७ अंश सेल्सियसला. म्हणजे जस्त जन्माला येतं तेच वाफ होऊन. ती वाफ वर गेली, हवा लागली, की पुन्हा पांढरी राख. उघड्या भट्टीत दिवसभर भाता मारा, हाती धुरळा. मग करायचं काय? वाफेला वर जाऊच द्यायचं नाही. तिला खाली न्यायचं, हवा लागू न देता, आणि थंड जागी पकडायचं.

‘रसरत्नसमुच्चय’ साधारण तेराव्या शतकातला. कर्ता वाग्भट, मात्र अष्टांगहृदयाचा वाग्भट तो वेगळा. यात कृती दिली आहे. रसक घ्या, हळद, हिरडा, राळ, मीठ, चुलीवरचं धुरकट काजळ, टांकणखार, बिब्बा यांच्याबरोबर आंबट रसात खलून वांग्याच्या आकाराच्या मुशीत आतून लिंपा. ग्रंथातलं नाव ‘वृंताक मूषा’, म्हणजे शब्दशः वांगं-मूस. उन्हात वाळवा, वर दुसरी मूस उपडी ठेवून आच द्या. ज्वाळेकडे लक्ष ठेवा. ती निळी असते. निळ्याची पांढरी झाली की मूस सांडशीनं धरून तोंड खाली करा. मुशीला तोंडाशी नळी असते, ती फुटू देऊ नका. कथलासारखं चकाकणारं ‘सत्त्व’, म्हणजेच जस्त, खाली पडेल. दुसरी रीतही दिली आहे: खाली पाण्याचं भांडं, त्यावर भोकांची ताटली, त्यावर मूस उपडी आणि बाहेरून बोरीच्या कोळशाची आच. सत्त्व थेंबाथेंबानं पाण्यात उतरतं.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. ती ज्वाळेची ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. निळी ज्वाळा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जळतोय. ती पांढरी झाली म्हणजे जस्ताची वाफ यायला लागली. आज प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्याला हीच खूण सांगेन. त्या माणसाला ना कार्बन मोनॉक्साइड ठाऊक, ना ऑक्सिजन. राळ आणि काजळ कशाला, तर त्यातला कार्बन कामाला येतो, हेही त्याला या शब्दांत माहीत नाही. हळदीचं काय काम, ते मलाही विचारू नका. पण डोळा पक्का आहे.

आता कुणी म्हणेल, ग्रंथात काय, काहीही लिहितात. ठीक. मग उदयपूरच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर झावरला जा. अरवलीत, टिडी नदीच्या काठी. १९८३ साली तिथं बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांनी मिळून उत्खनन केलं. भट्ट्या सापडल्या, आणि त्यात मुशी जशाच्या तशा उभ्या. लांबट, बुडाशी फुगीर, तोंडाला मातीची नळी. थेट वांगं. एका भट्टीत सहा ओळी सहा-सहाच्या, म्हणजे ३६ मुशी, भोकांच्या जाड ताटलीवर तोंड खाली करून लावलेल्या. वर आच, खाली गार कोठी. अशा सात-सात भट्ट्या एका रांगेत. म्हणजे एका वेळी २५२ मुशी पेटत्या. मूस उलटी केल्यावर आतला माल गळून पडू नये म्हणून नळीत काडी खोचायचे. आच लागली की काडी जळून जायची, तोवर माल घट्ट व्हायचा आणि काडीच्या जागी वाफेला वाट उरायची. ही काडी मला त्या सगळ्या उद्योगातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. ग्रंथात तिचा पत्ता नाही. ती कुणा कारागिराच्या डोक्यातून निघाली.

मूस एकदाच वापरायची. वापरून झालेल्या मुशींचे तिथं डोंगर आहेत, आणि गावातल्या घरांच्या भिंती त्याच रचून बांधल्या आहेत. विटेऐवजी मूस. हे काही एखाद्या गुहेत बसलेल्या किमयागाराचं काम नव्हे; हा कारखाना आहे, आणि तो शतकानुशतकं चालला. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं १७३८ साली. त्याच्याही रीतीत वाफ खालीच नेलेली होती. ही कल्पना झावरहून गेली का? अनेकांना तसा संशय आहे, पण पुरावा नाही, आणि पुरावा नसताना छाती फुगवायची मला सवय नाही. झावरचं काम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थांबलं. त्याआधीची पन्नास-साठ वर्षं मेवाड खंडणीनं पिळून निघत होता, आणि ती वसूल करणाऱ्यांत शिंदे-होळकरांच्या फौजा होत्या. हेही आपण मराठीतच बोलून घेतलेलं बरं.

मग एवढं सगळं असून त्यातून शास्त्र का उभं राहिलं नाही? एक कारण अल्-बिरुनी या विद्वानानं सांगितलेल्या गोष्टीत आहे. अकराव्या शतकात त्यानं हिंदुस्थानावर लिहिलं, त्यात उज्जैनच्या व्याडीची कथा आहे. व्याडीनं रसायनापायी सगळं घालवलं. वैतागून नदीकाठी बसला आणि कृतींच्या पोथीचं एकेक पान पाण्यात सोडू लागला. खाली प्रवाहात एका गणिकेनं ती पानं गोळा केली, त्याच्याकडे आली, पैसे दिले, म्हणाली, पुन्हा कर. चूक एका शब्दात होती. ‘रक्तामल’ म्हणजे त्यानं तांबडा आवळा समजला. लिहिणाऱ्याला अभिप्रेत होतं तेल आणि माणसाचं रक्त. पुढं कथेत तो बायकोसह आकाशात उडतो, ते सोडून द्या. खुद्द अल्-बिरुनीचाही या विद्येवर विश्वास नव्हता. पण कृती गूढ शब्दांत लपवली की माणूस आयुष्य कसं फुकट घालवतो, ते या गोष्टीत आलंय. सगळेच असे नव्हते. ‘रसेंद्रचिंतामणी’चा कर्ता सुरुवातीलाच बजावतो की विद्वानांकडून पुष्कळ ऐकलं, शास्त्रांत वाचलं, पण स्वतःच्या हातानं केलं नाही ते इथं लिहिलेलं नाही.

गुप्ततेचा रोग युरोपातही होताच. १६६९मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँटनं सोनं मिळेल म्हणून मूत्र आटवलं, भाजलं, आणि हाती आला अंधारात चमकणारा फॉस्फरस. गडी गप्प बसला, कृती विकत राहिला. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलनं १६८०मध्ये फॉस्फरस स्वतः करून पाहिला, त्यावर लिहिलं, आणि मग तो सगळ्यांचा झाला. गंमत म्हणजे सोनं करता येतं यावर बॉइलचाही विश्वास होता; न्यूटननं तर किमयेवर लाखो शब्द लिहून ठेवले. तेव्हा जुनी मंडळी भोळी आणि नवी शहाणी, अशी वाटणी होत नाही. फरक पडला तो केलेलं काम चारचौघांत मांडण्यानं.

दुसरं कारण रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय सांगून गेले. हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास त्यांनी दोन खंडांत लिहिला, १९०२ आणि १९०९ साली. संस्कृत पोथ्या धुंडाळून या सगळ्या कृती त्यांनीच जगापुढं आणल्या, पण आरती ओवाळली नाही. जातिव्यवस्थेनं विचार करणारं डोकं आणि काम करणारा हात यांची ताटातूट केली, आणि विज्ञान तिथं सुकलं, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ‘आमच्या ग्रंथांत सगळं होतं’ म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण आधी वाचावं. आणि ‘सगळी बुवाबाजी’ म्हणणाऱ्यांनी झावरच्या भिंती पाहून याव्यात.

शेवटी, हे टेबलावर काय आहे असं मघापासून पुढच्या रांगेतले विचारताहेत. ही मूस मी आमच्या गावच्या कुंभाराकडून करून घेतली. चित्र काढून दिलं, माप दिलं. पहिल्या तीन मुशी घरी भट्टीत तडकल्या. चौथ्या वेळी त्यानं मला न विचारताच मातीत तूस जाळून घातला, थोडे तागाचे धागे मळले आणि लीद मिसळली. ही टिकली. मी घरी येऊन ‘रसरत्नसमुच्चय’ उघडला. मुशीच्या मातीत काय घालावं: जाळलेला तूस, ताग, घोड्याची लीद. कुंभारानं तो ग्रंथ कधी पाहिलेला नाही. मी दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेलो आणि विचारलं, हे सगळं कशासाठी घातलंत?

‘नाहीतर तडकते,’ तो म्हणाला, आणि माठ बघायला आलेल्या बाईंकडे वळला.

जाताना मूस हातात घेऊन बघा. नळी नाजूक आहे, तेवढी सांभाळा.