आजी वाचायची, मी बघायची

(पलंगाखालून ओढलेली पत्र्याची ट्रंक. कुलूप नाही, कडीत सुतळी.)

इंदूर, रामबाग. या ट्रंकेत रजया असतील असं वाटतं, पण आहेत दिवाळी अंक. आवाज, जत्रा, मोहिनी. शिवण सुटलेली, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. उंदीर पुढेही येणार आहेत, लक्षात ठेवा.

“आजी वाचायची, मी बघायची,” कॅमेऱ्यासमोर बसलेली ही मुलगी सांगते. शाळा हिंदी माध्यमाची. मराठी बोलता यायचं, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची. विनोदी कथा आजीच्या, व्यंगचित्रं हिची, अशी दोघींची वाटणी. त्यातही खाली ओळ नसलेली चित्रं आधी. ती कुणाकडून वाचून घ्यावी लागत नव्हती.

(टेबलावर चिकटपट्टीने लावलेलं रंगीत चित्र.)

ही नक्कल आहे. मूळ मुखपृष्ठ 1952चं, अनंत अंतरकरांच्या मासिकाचं. एक तरुण, एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरं, त्याच्या शर्टावर उंदीर. बस्स. एरवी मुखपृष्ठावर देखणी बाई हसायची. इथे बघणाराच हसतो. चित्रकार शि. द. फडणीस, तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचे. जन्म 1925, बेळगाव जिल्ह्यातलं भोज. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. पुढे महाराष्ट्रातल्या पोरांना ते गणिताच्या पुस्तकातही भेटले. इंदूरच्या पोरांना नाही. हिला ते ट्रंकेतच सापडले.

(टाक दौतीत बुडतो. कागदावर रेष.)

आता ही रेष बघा. घाई करू नका, आम्हीही केलेली नाही.

त्या काळी रेषाचित्र छापायला त्याचा जस्ताचा ठसा, म्हणजे ब्लॉक, बनायचा. चित्राचा फोटो पत्र्यावर उतरवायचा, मग पत्रा ॲसिडमध्ये. रेषेची जागा उंच राहायची, बाकीचं झडायचं. केसासारखी रेष तिथेच तुटायची. रेषांची दाट जाळी काढली तर छापताना शाई भरून काळा डाग. म्हणजे कुठली रेष ठेवायची, कुठली सोडायची, हे कागदावरच ठरवावं लागे. हिच्या मोबाइलला ॲसिड लागत नाही. तरी ती टाकानेच काढते. काचेखाली बल्ब ठेवून, वर कोरा कागद घेऊन, तेच चित्र पुन्हा. आज सकाळपासून अकरावा कागद. फडणिसांच्या माणसाचं नाक किती कमी रेषांत होतं, ते तिने मोजून ठेवलंय. आकडा मात्र कॅमेऱ्यासमोर सांगितला नाही.

(कुत्र्याचं चित्र, जवळून.)

हे तिचं स्वतःचं. गल्लीतला कुत्रा, तोंडात हाड. समोर कचऱ्याचे दोन डबे, ओल्याचा हिरवा, सुक्याचा निळा. कुत्रा थबकलाय.

पहिल्या खेपेला तिने खाली लिहिलं होतं, ‘ओला की सुका?’ मग ब्लेडने खरवडलं. कागदावर खरवड अजून दिसते. “इंदूरमध्ये हे कुणाला सांगायचं?” बरोबर आहे. 2017पासून स्वच्छतेत पहिला नंबर घेणाऱ्या गावात डब्याचा रंग लहान पोरालाही पाठ असतो. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या काकूंना चित्र दाखवलं, त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, “ये तो अपना कालू है।” भाषांतर कुणीच केलं नाही. खालच्या ओळीवर जगणाऱ्या व्यंगचित्रांना आम्ही व्यंगचित्र म्हणायला जरा कचरतो, ते यासाठी.

दहा चित्रं तिने एका दिवाळी अंकाला पाठवली. उत्तर आलं नाही. घरी इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलाय.

(बाहेर कचरागाडीचं गाणं. ती टाक दौतीवर आडवा ठेवते.)

खरवडलेले, फसलेले अकरा कागद निळ्या डब्यात. बारावा टेबलावर, शाई ओली. गाडी वळायच्या आत ती जिना उतरते. फाटकाशी कालू उभा आहे, तोंडात काहीतरी. ती थांबते, पुन्हा वर धावते. वही आणायला.