लाल पट्टी आणि पांढरा डबा

सन्माननीय अध्यक्ष, अधिसेविका मॅडम, पाठ्यनिर्देशिका भगिनी आणि रात्रपाळी आटोपून घरी न जाता तशाच इथे येऊन बसलेल्या माझ्या सिस्टर व ब्रदर मंडळींनो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘सुई टोचल्यानंतरचे प्रतिबंधक औषध’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु टोचल्यानंतर काय करावे हे सांगण्याआधी सुई मुळात टोचते केव्हा आणि कुणाची, यावर बोलण्याची संधी मी सोडणार नाही. सेवेत असताना हा विषय मी काढला की नेमकी सभेची वेळ संपलेली असे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, परिचारिकेला एचआयव्हीचा धोका किती हे मोजायचे असेल तर रुग्णाचा रिपोर्ट क्षणभर बाजूला ठेवावा, आणि सुई रुग्णाच्या अंगातून निघाल्यापासून डब्यात पडेपर्यंत किती वेळ उघडी राहते, ते पाहावे.

१९८४ साली ब्रिटनमधील एका परिचारिकेची हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सुई टोचून या विषाणूची लागण झाल्याची ही पहिली नोंद. विषाणूला एचआयव्ही हे नावही तेव्हा मिळालेले नव्हते. सिरिंजमध्ये धमनीच्या नळीतून काढलेले ताजे रक्त होते आणि सुईवर टोपण परत बसवताना ती बाईंच्या बोटात गेली. रक्त काढण्याचे काम व्यवस्थित पार पडले होते. घात झाला तो नंतरच्या आवराआवरीत. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे, अशा सूचना काढल्या आणि सुईला पुन्हा टोपण लावू नये, हेही त्यांतच सांगितले. तरीही गेल्या आठवड्याभरात दोन्ही हातांनी टोपण लावलेल्यांनी हात वर करा, असे मी म्हटले तर काय होईल? मी म्हणत नाही, कारण अधिसेविका मॅडम पहिल्याच रांगेत बसल्या आहेत.

आता आकडे, कारण भीती बहुतेक वेळा आकड्यांवाचून वाढते. एचआयव्ही असलेल्या रुग्णाचे रक्त लागलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत सुमारे एक. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाले तर ती ०.०९ टक्के, हजारात एकाहूनही कमी. कुठेही न फाटलेल्या, न चिरलेल्या कातडीवर रक्त सांडले तर धोका नाही. लाळ, घाम, अश्रू, लघवी, शौच, उलटी यांत रक्त दिसत नसेल तर त्यांच्यापासून वॉर्डात लागण होत नाही. मात्र पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी, छातीत वा पोटात साठलेले पाणी आणि गर्भजल ही रक्ताइतकीच जपून हाताळावी लागतात, हे लेबर रूमच्या सिस्टरांनी विशेष ध्यानात ठेवावे. आणि त्याच सुईने हिपॅटायटिस बीची लागण होण्याची शक्यता, लस घेतलेली नसेल तर, ३० टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडची गंमत अशी की, ज्या रोगाला लस आहे तिचा तिसरा डोस राहून गेलेला असतो, आणि ज्याला लस नाही त्याची भीती मात्र पूर्ण डोसात घेतलेली असते.

तीनशेत एक ही सरासरी झाली. प्रत्येक टोचणे सारखे नसते. १९९७ मध्ये अमेरिका, फ्रान्स, इटली आणि ब्रिटन येथील लागण झालेल्या ३३ आणि टोचूनही लागण न झालेल्या ६६५ आरोग्य कर्मचाऱ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. जखम खोल असेल तर धोका सुमारे पंधरा पट, उपकरणावर रक्त डोळ्यांना दिसत असेल तर सहा पट, सुई थेट शिरेत किंवा धमनीत जाऊन आलेली असेल तर चार पट आणि रुग्ण आजाराच्या अखेरच्या अवस्थेत असेल तर पाच पटींहून अधिक, असे त्यात आढळले. या यादीत रुग्णाच्या अवस्थेचा मुद्दा एकच आहे. बाकीचे तीन सुई कुठली, कुठून आलेली आणि किती खोल गेली यांविषयीचे आहेत. टाके घालायची भरीव सुई आणि इंट्राकॅथची, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायच्या नळीची, पोकळ सुई यांत फरक का करायचा, हे यावरून कळावे: पोकळीत रक्त साठून राहते.

आता माझ्या जुन्या रागाचा विषय, तो म्हणजे लाल पट्टी. एचआयव्ही असलेल्या रुग्णाच्या केसपेपरच्या कोपऱ्यावर लाल शाईची खूण, खाटेच्या लोखंडी दांडीला लाल चिकटपट्टी, आणि खाट शक्यतो बाथरूमच्या बाजूची. विचारले की उत्तर ठरलेले: ‘स्टाफच्या सुरक्षिततेसाठी.’ एका रुग्णालयात, ज्याचे नाव मी घेणार नाही, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात असाच एक रुग्ण होता. त्याचे इंजेक्शन द्यायचे म्हणजे हातात दुहेरी ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा, वेगळा किडनी ट्रे आणि सोबत मदतीला एक वॉर्डबॉय मामा. उरलेल्या साऱ्या वॉर्डात मात्र इंट्राकॅथ उघड्या हातांनी लावले जात, कारण ग्लोव्हज स्टोअरमधून मोजून येत आणि त्यातली मोठी वाटणी त्या एका खाटेवर खर्ची पडे.

अशात एका रात्री कॅज्युअल्टीतून धाप लागलेले एक वृद्ध गृहस्थ आले. खाट मिळताच धावपळीत कुणीतरी इंट्राकॅथ लावला, सलाईन सुरू झाले, ऑक्सिजन लागला, आणि इंट्राकॅथमधून बाहेर काढलेली सुई चादरीच्या घडीत राहिली. ती टाकायची जबाबदारी कुणाची, हे कधीच ठरले नाही. पहाटे ते गृहस्थ वारले. सकाळी नव्याने रुजू झालेली एक सिस्टर ती चादर ओढून काढत असताना सुई तिच्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, चांगली खोल गेली. तिने काय केले? आपण सगळे करतो तेच. जखम दाबून दाबून रक्त काढले, वरून स्पिरिट ओतले, कापसाचा बोळा ठेवून पट्टी लावली आणि खाट पूर्ण केली. सांगितले कुणालाच नाही. सांगितले असते तर पहिला प्रश्न ‘तुझे लक्ष कुठे होते?’ हा आला असता, आणि पाठोपाठ मेमो. शिवाय तिचे लग्न ठरलेले होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती माझ्याकडे आली, तेव्हा औषध सुरू करण्याची ७२ तासांची मुदत उलटून गेलेली होती. रुग्ण हयात नाही, त्यांची तपासणी झालेली नाही, म्हणजे त्या रक्तात काय होते हे कळायला कुठलाच मार्ग नाही. उरल्या होत्या फक्त तिच्या स्वतःच्या तपासण्या: दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. तिन्ही निगेटिव्ह आल्या. दरम्यान लग्नाची तारीख पुढे गेली, आणि रजा मंजूर होत नाही असे तिने घरी सांगितले. सरकारी नोकरीत हे कारण कुणालाही पटते.

लाल पट्टीवाला रुग्ण त्या काळात एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्राच्या, गोळ्या नियमित घेत होता आणि त्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडण्याइतकेही उरलेले नव्हते. अशा रक्ताची सुई टोचली तरी औषध घ्यायचे की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे, पण धोका कितीतरी कमी असतो. म्हणजे सगळे ग्लोव्हज ज्या खाटेवर गेले तिथे भय सर्वांत कमी होते, आणि जिच्यावर खूण नव्हती त्या खाटेने त्या मुलीचे सहा महिने खाल्ले. खूण नसणे म्हणजे संसर्ग नसणे, असा अर्थ आपले मन आपोआप लावते. तपासणी न झालेला रुग्ण असतो, आणि लागण होऊनही चाचणीत अजून न दिसणारा, विंडो पिरियडमधलाही असतो. शिवाय २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची स्थिती त्याच्या संमतीवाचून उघड करायला त्यात मनाई आहे, आणि भेट देणाऱ्या नातेवाइकांना वाचता येईल अशी चिकटपट्टी ही उघड करण्याचीच रीत आहे.

मग उपाय? पांढरा डबा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार सुया, ब्लेड यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, न भोसकला जाणारा डबा असावा लागतो, आणि तो सर्वत्र असतोही. प्रश्न तो कुठे असतो, हा आहे. एका ठिकाणी मी तो नर्सिंग स्टेशनच्या मागे, घड्याळाखाली, भिंतीला स्क्रूने ठोकलेला पाहिला. इन्स्पेक्शनला शोभून दिसतो, असे कारण मिळाले. शेवटच्या खाटेपासून तिथवर सिस्टरने हातात उघडी सुई धरून, नातेवाइकांची गर्दी, सलाईनचे स्टँड आणि मावशींची फरशी पुसण्याची बादली चुकवीत चालत यायचे. असे रोज चालण्यापेक्षा टोपण लावणे तिला बरे वाटले, तर मी दोष तिला देणार नाही. डबा ट्रॉलीवर, हात पोहोचेल इतका जवळ ठेवावा. ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकावी. तीन चतुर्थांश भरला की डबा बंद करावा आणि वरून सुया दाबून बसवू नयेत. टोपण लावण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ते ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने, सुईनेच उचलावे, दुसरा हात पाठीमागे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता भरभर सांगते. सुई टोचली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळा धुवा. लगेच इन्चार्जला आणि ड्यूटीवरील डॉक्टरांना सांगा व नोंद करून घ्या. औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत, कसाही करून ७२ तासांच्या आत. रुग्णाची तपासणी त्याच्या संमतीने करायची, पण तिच्या रिपोर्टसाठी पहिला डोस अडवून ठेवायचा नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर पुढे काय, ते डॉक्टर ठरवतील. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम अशी एकत्र गोळी रोज एक, २८ दिवस. मळमळ झाली म्हणून मध्येच सोडू नका. लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड घेत असाल तर ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्या. आपल्यापैकी अर्ध्याजणी लोह आणि कॅल्शियमवरच आहेत, म्हणून आवर्जून सांगितले. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, मूत्रपिंडाचा विकार किंवा हिपॅटायटिस बी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

स्वतःची तपासणी त्याच दिवशी करा. तेव्हा आपण निगेटिव्ह होतो हे कागदावर असल्याशिवाय लागण कामावर झाली हे पुढे सिद्ध करता येत नाही. सर्व तपासण्या संपेपर्यंत निरोध वापरा आणि रक्तदान करू नका. प्रतिबंधक साधने, त्यांचे प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरचे हे औषध पुरवणे ही एचआयव्ही व एड्स कायद्याच्या कलम १९ नुसार रुग्णालयाची जबाबदारी आहे, आणि तिथे शब्द ‘तेथे काम करणाऱ्या सर्व व्यक्तींना’ असा आहे. कंत्राटी सिस्टर, चादरी गोळा करणाऱ्या मावशी आणि कचरा नेणारे मामाही त्यात आले. रात्री दोन वाजता गोळी कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हे आज ड्यूटीवर जाताच विचारा.

प्रश्नांसाठी पाच मिनिटे आहेत असे कळते. हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस किंवा त्यानंतरचे टायटर, म्हणजे लस लागू पडली का हे पाहणारी रक्ततपासणी, राहिले असेल त्यांनी बाहेरच्या टेबलावर नाव नोंदवावे, यादी अधिसेविका मॅडम आजच पाठवणार आहेत.