केस झाल्या, पण हात बसला का?

मित्रहो, रेसिडेंटचं, म्हणजे आपल्या हाताखाली शिकणाऱ्या डॉक्टरचं, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) समोर आलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘केस किती झाल्या?’ आकडा भरलेला दिसला की आपण सही करतो. हा प्रश्न अपुरा आहे, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे ६८ केंद्रांतल्या ९,२२३ कोलोनोस्कोपींची, म्हणजे दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासण्यांची, पाहणी झाली आणि ती २००४ साली प्रसिद्ध झाली. दुर्बीण मोठ्या आतड्याच्या पार टोकाला, सीकमपर्यंत, पोचल्याची नोंद ७६.९ टक्के तपासण्यांत होती. पोचल्याच्या खात्रीच्या खुणा ज्यांत नोंदल्या होत्या तेवढ्याच तपासण्या पोचलेल्या धरल्या, तेव्हा हे प्रमाण ५६.९ टक्क्यांवर आलं. आणि पहिल्या १०० तपासण्या कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेले डॉक्टर किती? १७ टक्के. बाकीच्यांच्या हातून केस झाल्या होत्या, पण त्या पहिल्या शंभरभर शेजारी उभं राहून तो हात कुणी पाहिलेला नव्हता.

पुढे तिथे प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली, शिकवणाऱ्यांनाही शिकवलं गेलं, स्वतंत्रपणे काम करण्यासाठी प्रमाणपत्र लागू लागलं. २०११च्या देशव्यापी पाहणीत २० हजारांवर तपासण्या होत्या आणि सीकमपर्यंत पोचण्याचं प्रमाण ९२.३ टक्के होतं. या बदलातलं एक साधन मला फार मोलाचं वाटतं. त्याचं नाव डॉप्स, म्हणजे प्रत्यक्ष काम बघून केलेलं मूल्यमापन. शिक्षक पूर्ण तपासणी पाहतो आणि तिथल्या तिथे फॉर्म भरतो. २०१६ पासून त्या फॉर्ममधली श्रेणी ‘किती मदत लागली?’ या एकाच प्रश्नावर बेतलेली आहे. भरपूर, बरीच, किरकोळ, की काहीच नाही. ‘मुलगा हुशार आहे’ या मताला तिथे रकानाच नाही.

आता खोलीत या. दुर्बीण सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागात, आहे. रेसिडेंट स्कोप, म्हणजे दुर्बीण, आत सरकवतोय, पण पडद्यावरचं चित्र पुढे जात नाही, उलट मागे येतंय. म्हणजे आत दुर्बिणीच्या नळीचा वेढा, लूप, झालाय. पेशंट कण्हतोय. इथे रेसिडेंटची खरी परीक्षा. तो आणखी जोर लावतो, की थांबून स्कोप मागे ओढतो, फिरवून सरळ करतो, हवा कमी करतो, पेशंटला कुशीवर वळवायला सांगतो? सिस्टरने ‘डॉक्टर, दुखतंय त्यांना’ म्हटलं तर ते त्याच्या कानावर पडतं का? आणि जमत नसेल तर ‘सर, तुम्ही घ्या’ हे तो वेळेवर म्हणतो का? यातलं काहीही लॉगबुकात उमटत नाही. माझ्या मते वेळेवर मदत मागणाऱ्याला त्याबद्दल पसंतीचा शेरा मिळायला हवा.

सीकमला पोचलं म्हणजे संपलं, असंही नाही. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले कोंब, सापडतात ते मुख्यतः दुर्बीण बाहेर काढताना. काही आढळलं नाही, तरी बाहेर येताना निदान सहा मिनिटं द्यावीत, आतड्याच्या घड्यांमागे डोकावावं, साचलेलं पाणी ओढून घ्यावं, असा संकेत आहे. इथे आपलीच एक अडचण होते. पडदा एकच, आणि तो आपणही बघत असतो. पॉलिप दिसताच आपण बोट दाखवतो. मग तो सापडला कुणाला? थोडं गप्प राहावं. रेसिडेंट पुढे निघून जातोय असं दिसलं तर मग बोलावं, आणि फॉर्ममध्ये तसं लिहावं.

आपल्या ओपीडीचा भार मला माहीत आहे. प्रत्येक केसला फॉर्म भरणं जमणार नाही. पण आठवड्यातून एक केस सुरू होण्याआधीच ठरवा की आज ही बघायची आहे. सोपी निघाली म्हणून निवडली, अवघड गेली म्हणून सोडली, असं नको. केस संपली की पेशंट रिकव्हरीत जाईपर्यंत रेसिडेंटशी बोला. आधी त्यालाच विचारा, कुठे अडलं? मग पुढच्या वेळी सुधारायची एकच गोष्ट सांगा, आणि पुढच्या वेळी तीच आधी पाहा.