कूफॅक्स : बाकावरची सहा वर्षं

(दृश्य : न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे रस्ते, कृष्णधवल चित्रफीत. पुढे ब्रुकलिन डॉजर्स संघाच्या एबेट्स फील्ड या मैदानाचं प्रवेशद्वार.)

अमेरिकन बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, सँडी कूफॅक्स याचं नाव निघालं, की बेसबॉलवेडे लोक 1965 ची ती परफेक्ट गेम सांगायला लागतात. 27 फलंदाज आले, 27 बाद झाले, पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धाव पुरी करायला गाठाव्या लागणाऱ्या चार थांब्यांपैकी पहिल्यापर्यंत, एकही पोचला नाही. आज आपण भेटणार आहोत त्याच्या आधीच्या कूफॅक्सला. संघात असूनही ज्याच्या हातात आठवडेच्या आठवडे चेंडू येत नव्हता, त्या मुलाला.

30 डिसेंबर 1935 ला ब्रुकलिनमधल्या ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. शाळेत तो ओळखला जायचा बास्केटबॉलसाठी. सिनसिनाटी विद्यापीठातही तो बास्केटबॉलच्याच जोरावर गेला, आणि 1954 च्या वसंतात तिथल्या बेसबॉल संघात शिरला. 31 इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे इथे तीन फलंदाज बाद होईपर्यंतची पाळी) त्याने 51 फलंदाज स्ट्राइकआउट, म्हणजे स्वतःच्या चेंडूंवर थेट बाद केले आणि 30 जणांना फुकट पहिला बेस दिला. पुढची सहा वर्षं याच दोन आकड्यांत अडकलेली होती.

(दृश्य : पिचरचा उंचवटा आणि होम प्लेट यांमधलं अंतर दाखवणारी आकृती.)

क्रिकेट बघणाऱ्यांसाठी थोडंसं. पिचर चेंडू टाकतो साधारण साडेअठरा मीटरवरून, म्हणजे आपल्या बावीस यार्डांपेक्षा जरा जवळूनच. टप्पा नाही. फलंदाज उभा राहतो त्या जागेवरची होम प्लेट सतरा इंच रुंद. तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात चेंडू गेला तर स्ट्राइक. तीन स्ट्राइक, की फलंदाज बाद; हाच स्ट्राइकआउट. चार चेंडू पट्ट्याबाहेर गेले आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर तो चालत पहिल्या बेसवर. याला वॉक म्हणतात.

डावखुऱ्या कूफॅक्सच्या वेगाबद्दल कुणालाच शंका नव्हती. न्यूयॉर्क जायंट्सच्या चाचणीत त्याचा चेंडू कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, डोक्यावरून गेला. पिट्सबर्ग पायरेट्सच्या चाचणीत झेलणाऱ्या कोचचा अंगठाच मोडला. डिसेंबर 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने त्याला करारबद्ध केलं : 6,000 डॉलर पगार आणि वर 14,000 डॉलर बोनस. बेसबॉल जमलं नाही, तर याच पैशातून शिक्षण पूर्ण करायचं, असा त्याचा हिशेब होता. अठरा वर्षांच्या पोराचा हिशेब म्हणून वाईट नव्हता.

घोळ झाला तो बोनसमुळे. त्या काळी नियम असा होता, की नव्या खेळाडूला 4,000 डॉलरपेक्षा जास्त बोनस दिला, तर त्याला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं. श्रीमंत संघांनी सगळी पोरं विकत घेऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. पण पिचर घडतो तो खालच्या लीगमध्ये, दर चार-पाच दिवसांनी खेळून, मार खाऊन. कूफॅक्सला तिथे पाठवताच येत नव्हतं. आणि डॉजर्स तेव्हा विजेतेपदाच्या शर्यतीत. त्यांना कच्च्या पोरावर सामने उधळायचे नव्हते. मग तो बाकावर बसला. त्याला जागा करून द्यायला दुसऱ्या एका डावखुऱ्या पिचरला खालच्या लीगमध्ये धाडलं गेलं. त्याचं नाव टॉमी लासोर्डा. पुढे हाच लासोर्डा डॉजर्सचा नामांकित मॅनेजर झाला.

24 जून 1955. मिल्वॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध पदार्पण. पहिल्याच फलंदाजाचा चेंडू कसाबसा मोकळ्या जागेत पडला. दुसऱ्याने बंट केली, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच जवळ ढकलला, तर कूफॅक्सने चेंडू फेकला थेट मागच्या मैदानात. तिसरा हँक एरन, त्याला वॉक. बेस भरले, बाद कुणी नाही. आणि मग बॉबी थॉमसन स्ट्राइकआउट!

27 ऑगस्टला त्याने सिनसिनाटीला फक्त दोन हिट (फटका मारून बेस गाठणं) दिल्या, 14 स्ट्राइकआउट घेतले, एकही रन दिली नाही. त्या संपूर्ण मोसमात त्याचे स्ट्राइकआउट होते 30. जवळजवळ निम्मे एका दुपारचे. बॅट हातात घेतली तेव्हा मात्र बारा वेळा आला आणि बाराही वेळा स्वतःच स्ट्राइकआउट झाला.

(दृश्य : 1958, लॉस एंजेलिस कोलिझियम, खचाखच भरलेलं.)

1958 मध्ये संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. कूफॅक्स तसाच. एक दिवस अफाट, पुढचे तीन दिवस बेताल. 31 ऑगस्ट 1959 ला त्याने एका सामन्यात 18 फलंदाज स्ट्राइकआउट करून बॉब फेलरच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतींमध्ये, 92,706 प्रेक्षकांसमोर तो 1-0 ने हरला. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव एका पिचरच्या नावावरही लागतो; 1960 मध्ये त्याचे 8 विजय, 13 पराभव, 100 वॉक. सहा वर्षांची बेरीज 36 विजय, 40 पराभव. मोसम संपल्यावर त्याने आपलं खेळाचं सामान कचऱ्यात टाकलं. ड्रेसिंग रूमची व्यवस्था बघणाऱ्या नोबी कावानोने ते उचलून ठेवलं, म्हणून वाचलं.

1961 च्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोला सरावाचा सामना होता. सुरुवातीलाच वॉकवर वॉक. कॅचर नॉर्म शेरी चालत त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, एवढा जोर लावू नकोस, त्यांना मारू दे. कूफॅक्सने पकड सैल केली. चेंडूचा वेग तसाच राहिला, आणि चेंडू पट्ट्यात पडायला लागला.

ही गोष्ट इतकी गोड आहे, की सगळं श्रेय तिलाच दिलं जातं. मला ते पटत नाही. ज्या 1960 ला वाया गेलेलं वर्ष म्हणतात, त्या वर्षी त्याने 175 इनिंगमध्ये 197 स्ट्राइकआउट घेतले होते. डॉजर्सचा आकडेतज्ज्ञ ॲलन रॉथ पहिला चेंडू स्ट्राइक टाकण्याचं महत्त्व समजावत होता. शेरीचा सल्ला योग्य माणसाला योग्य वेळी मिळाला, हे खरं. पण तोवर त्या माणसाला निदान नियमित चेंडू टाकायला मिळत होता. 1955 मध्ये हेच वाक्य त्याला कुणी सांगितलं असतं, तर ते आजमावून बघायला त्याला सामना कुठे होता?

1961 मध्ये 18 विजय. 269 स्ट्राइकआउट; ख्रिस्ती मॅथ्यूसनचा नॅशनल लीगमधला (बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी डॉजर्सची) 1903 पासूनचा 267 चा विक्रम मोडला. सप्टेंबरमध्ये शिकागो कब्जविरुद्धचा एक सामना तर नेहमीच्या 9 ऐवजी 13 इनिंग चालला, आणि कूफॅक्सने एकट्याने 205 चेंडू टाकले. त्या डाव्या कोपराचं पुढे काय झालं, ते दुसऱ्या भागात.