आजीच्या शेतातला गवा आणि इंग्रजीचा तास

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

कर्नाटकात 2007-08 पासून सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून आज दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. ते धडा वाचतं, प्रश्नोत्तरं पाठ करतं, गाळलेल्या जागा भरतं. पण 'काल तुमच्या शेतात काय झालं ते इंग्रजीत सांग' म्हटलं की मान खाली घालतं. तेच मूल घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड बोलतं, खानापूरकडचं असेल तर कोकणीही बोलतं. दोन-तीन भाषांत सहज वावरणारं मूल इंग्रजीत अडतं, तेव्हा त्याच्या बुद्धीला बोल लावण्यात अर्थ नाही. आपण त्याला त्या भाषेत काही करायला दिलं का, हे आधी बघायला हवं.

कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या शाळेत घालायचा मोठा प्रयोग झाला. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून त्या मुलांना ती उत्तम समजू लागली, पण बोलताना आणि लिहिताना व्याकरण कच्चंच राहिलं. मेरिल स्वेन या संशोधक बाईंनी 1985 मध्ये त्याचं कारण मांडलं: नुसतं ऐकून आणि वाचून भागत नाही. स्वतःचं म्हणणं स्वतःच्या वाक्यात मांडायची वेळ आली, की आपलं नेमकं कुठे अडतं ते शिकणाऱ्याला कळतं. त्या मुलांच्या कानावर निदान दिवसभर फ्रेंच पडत होतं. आपल्या मुलांच्या वाट्याला इंग्रजीचा एक तास, आणि त्यातही बोलतात ते शिक्षकच.

म्हणून स्मार्ट बोर्डवर कार्टून लावलं की डिजिटल शिक्षण झालं, हे मला मान्य नाही. ती मुलं तेव्हाही गप्पच बसलेली असतात, फक्त फळ्याऐवजी पडद्याकडे बघत. ॲनिमेशन मुलांनी करायचं असतं. गोष्ट त्यांची, हात त्यांचे, आवाज त्यांचा, आणि त्या ओघात इंग्रजी त्यांच्या तोंडून निघालं पाहिजे. आजच्या व्याख्यानात मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

डिजिटल स्टोरीटेलिंग म्हणून जे ओळखलं जातं, त्याची सुरुवात 1990 च्या दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात झाली. डेना ॲचली हे कलाकार आणि जो लॅम्बर्ट हे नाटकाच्या क्षेत्रातले कार्यकर्ते यांनी साध्या माणसांना बोलावलं, गोल बसवलं आणि आपल्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायला लावली. मग घरातले मोजके फोटो आणि स्वतःचा आवाज घेऊन तीन-चार मिनिटांची फिल्म. त्यात यंत्रापेक्षा ते गोल बसणं मोलाचं होतं. दुसऱ्याला सांगता सांगता आपल्या गोष्टीत काय राखायचं आणि काय गाळायचं हे माणसाला उमगतं.

हे सगळं आपल्याला फार परकं वाटू नये. घाट उतरून सिंधुदुर्गात गेलात, तर कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथीची परंपरा आहे. एकेक चित्र समोर धरायचं आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं लावायची. दादासाहेब फाळक्यांनी 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं टिपून पडद्यावर वाढताना दाखवलं होतं. पुढे आगपेटीच्या काड्या हलत्या केल्या त्याही त्यांनीच. चिकोडी किंवा खानापूरच्या शाळेत मोबाईलवर स्टॉप मोशन करणारं मूल हेच काम करतं. वस्तू जराशी हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची.

आता एक फिल्म जरा जवळून दाखवते. खानापूर तालुक्यातल्या एका शाळेतल्या सातवीच्या पाच मुलांनी ती केली. विषय त्यांनीच निवडला: भाताच्या शेतात घुसलेला गवा. जंगलाच्या कडेच्या गावांत हे दरवर्षीचं दुखणं आहे, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगण्यासारखं होतं. पहिल्या दिवशी फक्त मराठीत सांगायचं, असा माझा आग्रह होता. काही शिक्षकांना हे खटकतं. इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला, असं ते विचारतात. कारण साधं आहे. गोष्ट मनात पक्की नसेल, तर मूल इंग्रजीत तेवढंच सांगतं जेवढे शब्द येतात, आणि मग निघते 'माय व्हिलेज इज ब्यूटिफुल' छापाची निर्जीव फिल्म. मराठीत सांगताना आजी आली, तिने डबा वाजवला, शेजारचा कुत्रा पळून गेला, गवा मात्र हलेना. हे सगळं हाताशी आल्यावर मगच इंग्रजी.

बेंदराला मातीचे बैल करायची सवय आपल्या मुलांच्या हातात असतेच. त्याच हातांनी गवा झाला, वशिंडाऐवजी पाठीचा उंचवटा, गुडघ्याखाली पांढरा चुना. पण माती पंख्याखाली वाळते आणि पाय हलवला की तडकते. म्हणून पायात तार घातली आणि दोन फोटोंच्या मध्ये ओलं फडकं टाकलं. आजीला इरकलीच्या चिंधीचं लुगडं. शेत म्हणून खरी भाताची रोपं लावली, ती तासाभरात माना टाकू लागली. पडद्यावर शेत क्षणात सुकलेलं दिसलं असतं. मग सुतळीचे तंतू हिरव्या रंगात बुडवले. मोबाईल दोन विटांच्या मध्ये रबराने घट्ट बांधला आणि खिडकी झाकून एकच दिवा ठेवला, कारण ढग आला-गेला की चित्र लुकलुकतं. सेकंदाला आठ फोटो धरले तर चाळीस सेकंदांना 320 फोटो लागतात. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात. आपल्याला आठ पुरतात, हालचाल थोडी झटक्याने होते, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही.

मुलांनी लिहिलेलं पहिलं इंग्रजी असं होतं: 'बायसन कम अवर फील्ड. बायसन ईट राइस. ग्रँडमदर शाउट. बायसन गो.' मी त्यावर लाल पेन चालवला नाही. फोटो काढायची वेळ आली तेव्हा प्रश्न आपोआप आला: आजी येते तेव्हा गवा काय करत असतो? एक मुलगी म्हणाली, "टीचर, तो खातच असतो की! आजी मधेच येते." मग खाण्याचे फोटो किती आणि आजी आल्याचे किती, यावर त्यांचा वाद झाला. खाण्याला चाळीस ठरले आणि आजीच्या येण्याआधी ते सुरू व्हायला हवेत हेही ठरलं. डबा खाली पडायला मात्र तीन फोटो पुरले. आता 'वॉज ईटिंग' आणि 'फेल' यांतला फरक मला नियम सांगून शिकवावा लागला नाही. चालू असलेली क्रिया आणि घडून गेलेली क्रिया त्यांच्या बोटांनी मोजली होती. 'व्हेन ग्रँडमदर केम, द बायसन वॉज ईटिंग अवर राइस' हे वाक्य त्या गटाने स्वतः जुळवलं. व्याकरणाच्या पुस्तकात हा धडा दोन पानांचा असतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो.

'अ' आणि 'द' यांचंही तसंच. मराठीत तसलं काही नाही, म्हणून आपली मुलं ते हमखास गाळतात. फिल्मच्या सुरुवातीला पडद्याच्या कडेने नुसती शिंगं येतात. कोणता गवा, कुणाला माहीत नाही: 'अ बायसन केम.' पुढच्या चित्रात तो आपल्या ओळखीचा झाला: 'द बायसन.' हे मी चित्रावर बोट ठेवून सांगितलं आणि पुढच्या लिखाणात त्यांनी ते बऱ्यापैकी सांभाळलं. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्यापैकी.

अशा कामात फिल्ममध्ये न दिसणारं इंग्रजीही खूप होतं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. 'डोंट टच द टेबल', 'अ लिटल मोअर', 'टू मच, पुट इट बॅक', 'वेट, युवर हँड इज इन द फोटो'. अशी दहा-बारा वाक्यं फळ्यावर लिहून ठेवायची आणि चित्रण चालू असताना तीच वापरायची, एवढा एकच नियम. तीनशे फोटोंच्या नादात ही वाक्यं इतक्यांदा तोंडातून जातात की मुलं फळ्याकडे बघायचं सोडून देतात. त्यांना खरंच टेबल हलू द्यायचं नसतं, म्हणून ते वाक्य खरं असतं.

आवाज घेण्याचं काम पावसाळ्यात अवघड. कौलांवर पाऊस तडतडत होता. शेवटी अक्षरदासोहाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाची पोती ठेवलेल्या खोलीत बसून आवाज घेतला. पोती आवाज शोषून घेतात, घुमत नाही. इंग्रजी वाचताना आपली मुलं एक ठरावीक सूर लावतात, पाढे म्हटल्यासारखा. मी वर्गात शंभरदा सांगून तो जात नाही. स्वतःचा आवाज ऐकल्यावर मात्र तीच मुलं म्हणाली, "ही आजी रागावल्यासारखी वाटतच नाही. परत एकदा करूया की." आणि केलं, पुन्हा केलं, मी न सांगता. आजीचा आवाज दिलेली मुलगी वर्गात उभी राहून कधी बोललेली नव्हती. बाहुलीमागे तिचा चेहरा दिसत नव्हता, चुकलं तर हसणारं कुणी समोर नव्हतं, आणि ती डबा वाजवत ओरडली तेव्हा आम्ही सगळे दचकलो.

पडद्याखाली अक्षरं घालायची तर इंग्रजी आवाजाखाली इंग्रजीच घाला. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून गाण्याच्या भाषेतलीच अक्षरं गाण्याबरोबर पडद्यावर दाखवण्याचं काम चालवलं, ते वाचन वाढावं म्हणून. आपल्या कामातही तेच लागू पडतं. खाली मराठी घातलं की डोळे मराठीच वाचतात.

साधनांबद्दल लोक फार विचारतात, पण तो भाग सोपा आहे. 'स्टॉप मोशन स्टुडिओ' नावाचं ॲप साध्या रूपात फुकट मिळतं. त्यात आधीच्या फोटोची पुसट छाया दिसते, त्यामुळे वस्तू किती हलवायची ते कळतं, आणि एकदा फोनमध्ये घेतलं की चित्रणाला नेट लागत नाही. शाळेत जुना संगणक असेल तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचं 'स्क्रॅच' आहे, 2007 पासून चालत आलेलं. त्यात 'मूव्ह टेन स्टेप्स', 'से हॅलो' असे ठोकळे जोडून पात्रं हलवता येतात, म्हणजे आज्ञा वाचण्याचा सराव आपसूक होतो. गोष्टच सुचत नसेल तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हींत गोष्टी आहेत, मोफत आणि खुल्या परवान्याच्या. एका वर्गाला एक फोन पुरतो. घरोघरचा फोन वडिलांबरोबर उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा गोव्याला गेलेला असतो, तेव्हा प्रत्येक मुलाच्या हातात फोन हवा असा हट्ट धरून काम अडवू नये.

हल्ली दोन ओळी लिहिल्या की यंत्र स्वतःच फिल्म करून देतं, इंग्रजीही बोलतं, उच्चारही स्वच्छ. ती फिल्म आपल्या मुलांच्या फिल्मपेक्षा देखणी असेल. तरीही इंग्रजीच्या तासाला मी ती घेऊ देत नाही, आणि यंत्राचा आवाज तर मुळीच नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना दाखवायला चांगली फिल्म हवी म्हणून शिक्षकांनीच रात्री बसून ती सुधारायची, हेही नको. बिघडलेलं वाक्य मुलाला बिघडलेलं ऐकू आलं पाहिजे, म्हणजे ते सुधारायला तोच बसेल.

आता या सगळ्यात एक मोठी उणीव राहते. मराठी मुलाने मराठी मुलाला इंग्रजीत गोष्ट का सांगावी? दोघांनाही ते लुटुपुटीचं वाटतं. ऐकणारा असा हवा ज्याला मराठी कळत नाही. आणि तो आपल्याच जिल्ह्यात आहे. सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल भागातल्या कन्नड शाळांमध्ये सातवीची मुलं हेच इंग्रजी शिकतात आणि त्यांचीही मान अशीच खाली जाते. त्यांच्याकडे गवे येत नाहीत. त्यांच्याकडे ज्वारी आहे, मलप्रभेचं धरण आहे, यल्लम्माची जत्रा आहे. खानापूरची फिल्म सौंदत्तीला जावी, तिकडच्या मुलांनी इंग्रजीत तीन प्रश्न पाठवावेत, आणि आपल्या मुलांनी त्यांची उत्तरं द्यावीत. मुलांना एकमेकांची भाषा शिकायची आहेच, कन्नड आपली मुलं शिकतातही. पण इथे इंग्रजीला पहिल्यांदा खरं काम मिळेल. या सभागृहात दोन्हीकडचे शिक्षक बसलेले आहेत, म्हणून हे इथेच बोलते: चहाच्या वेळी एकमेकांचे नंबर घ्या आणि शाळांच्या जोड्या आजच ठरवा.

फिल्म पाठवताना ती शिक्षकाकडून शिक्षकाकडेच जावी. मुलांची नावं, चेहरे, गावाचा पत्ता उघड्यावर टाकू नये, आणि आवाज वापरायलाही पालकांची संमती घ्यावी. मातीच्या बाहुल्यांचा हाही एक फायदा, चेहरा लागतच नाही.

मुख्याध्यापकांना माझं मागणं वेळेचं आहे. पाठ्यपुस्तक संपवायचं दडपण मला ठाऊक आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यातले सलग दोन तास महिन्यातून एकदा इंग्रजीला द्या. सलग लागतात, कारण मांडलेलं टेबल उचललं की पुन्हा तसंच मांडता येत नाही. पहिली फिल्म गव्याची नको. खडूचा तुकडा फळ्याच्या कडेवरून चालत जातो आणि डस्टरला धडकतो, दहा सेकंद, 80 फोटो, दोन वाक्यं. ती जमली की मुलं स्वतःच विचारतील, पुढच्या शनिवारी काय करायचं.